धोम ते माहुली: कृष्णेच्या काठाने सायकलवर एक दिवस

पुण्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "माझं वय ४६, मुलगी नववीत. दोघींकडे गिअरच्या सायकली आहेत आणि दर रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर चालवतो. जानेवारीत एक दिवस काढून वाई, मेणवली, पाचगणी, लिंबची विहीर, सातारा आणि माहुली असं सगळं सायकलने बघायचं आहे. जमेल का? सुरुवात कुठून करावी? काही सोडावं लागेल का?"

ताई, जमेल. फक्त पाचगणी आणि सातारा शहर यादीतून आधीच काढा, आणि यादीत नसलेलं धोम सगळ्यात वर लिहा.

पाचगणी का नको, ते सांगतो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे. पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचं म्हणजे पाचशे मीटरहून जास्त चढ, तोही सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगेतून. रविवारी पंचवीस किलोमीटर चालवणाऱ्याला तो घाट चढता येतो, पण चढून झाल्यावर बाकीच्या दिवसासाठी पायात काही उरत नाही. साताऱ्याचं कारण वेगळं. ते मराठ्यांच्या राजधानीचं गाव आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक तिथे झाला. राजवाडा, अजिंक्यतारा, जुन्या पेठा हे सगळं उभं-आडवं चढ-उताराचं आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस हवा. तुम्ही नदी धरा. धोमपासून माहुलीपर्यंत कृष्णा जशी जाते तसं जायचं. आत-बाहेरचे फाटे धरून साठेक किलोमीटर होतात.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी या खोऱ्यात लोकांना सायकलवरून घेऊन जातो. एक गोष्ट मला फार मनापासून वाटते म्हणून आधीच सांगतो. ही सगळी जुनी गावं नदीकडे तोंड करून बसलेली आहेत. घाट, देवळं, वाड्यांचे मागचे दरवाजे, सगळ्यांची मांडणी पाण्याच्या बाजूने आहे. गाडीने येणारा माणूस हायवेवरून फाटा घेतो, गावाच्या पाठीमागून शिरतो, पार्किंग शोधतो, देऊळ बघतो आणि आला तसा परत जातो. देऊळ तिथेच का, असंच का, हे त्याच्या लक्षात येत नाही. सायकलवर तुम्ही सकाळपासून त्या पाण्याच्या सोबत असता. पाणी कुठे अडवलंय, कुठे चढतं, कुठून उपसलं आणि कुठे दुसऱ्या पाण्याला मिळालं, हे एका दिवसात ओळीने डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे किलोमीटरपेक्षा थांबण्याच्या वेळा नीट आखा. साठ किलोमीटरला सावकाश पाच तास धरले, तरी उजेडाचे पाच-सहा तास हातात राहतात.

आदल्या रात्री वाईत मुक्काम करा. पुण्याहून पहाटे निघून, सायकली उतरवून सुरुवात करायची म्हटलं तर नऊ वाजतात आणि दिवसाचा सगळ्यात चांगला तुकडा हातचा जातो. जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेसहाला वाईतून निघा आणि नदीच्या वरच्या अंगाला धोमकडे चला. आठ-नऊ किलोमीटर आहे, चढ हलका. धरणाच्या आणि नदीच्या ओलाव्यामुळे या पट्ट्यात थंडीत दाट धुकं असतं. मागचा लाल दिवा लुकलुकता लावा, पुढचाही लावा. हातमोजे नसतील तर जुने सुती मोजे हातात घाला. गिअर बदलणारी बोटं थंडीने बधिर झाली की ब्रेकही वेळेवर दाबला जात नाही.

धोम धरण मातीचं आहे, सुमारे पन्नास मीटर उंच, साठा साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट. तुम्ही पुढे दिवसभर जो ऊस बघणार आहात, त्यातल्या बऱ्याच उसाला याच पाण्याचा आधार. भिंतीवर जायचा हट्ट धरू नका, धोम गावात जा. तिथे नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. गावाचं नाव धौम्य ऋषींवरून पडलं अशी श्रद्धा आहे. बघण्याची गोष्ट महादेवासमोर आहे: दगडात कोरलेला कमळाच्या आकाराचा हौद, त्याच्या मधोमध कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. हौदात पाणी असलं की कासव पाण्यात उतरल्यासारखं दिसतं आणि नंदी पाण्यावर बसल्यासारखा. सकाळी सव्वासातला तिथे बहुधा पुजारी आणि तुम्ही एवढेच असाल. मुलीला आधी काही सांगू नका, तिला स्वतःला कासव सापडू द्या.

परतीच्या वाटेवर मेणवली. धोमकडे जाताना मुद्दाम न थांबता पुढे जायचं, कारण येताना वाडा उघडलेला असतो. इथे एक सावधगिरी: धोमहून खाली येताना तोंड आग्नेयेला असतं आणि कोवळं ऊन थेट डोळ्यात येतं. तुम्हाला समोरचं नीट दिसत नाही, हे तुम्हाला कळतं. पण मागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही तुम्ही दिसत नाही, हे लक्षात येत नाही. म्हणून भडक रंगाचं जॅकेट, हेल्मेटला पुढची झडप आणि दोघींनी एकामागे एक. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायला पुढे बरीच जागा आहे.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि वाड्यामागचा घाट. नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, मृत्यू १८००. पानिपतातून वाचून आले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं पुण्याच्या कारभारात राहिले. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा विचारून, जे काही शुल्क असेल ते देऊन आत जा आणि बंद खोल्यांची दारं ढकलू नका. सहा चौकांचा हा वाडा आहे. लाकूडकाम, भिंतीवरची चित्रं, पाण्याची सोय हे बघाच. शिवाय नानांच्या दप्तरातले मोडी कागद इथे होते हे लक्षात ठेवून बघा. 'मेणवली दप्तर' म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे आणि ते उजेडात आणण्यात साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांचा मोठा वाटा. मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात पेशवाईबद्दल जी वाक्यं आहेत, त्यांचा कच्चा माल असल्याच घरांतून निघालेला आहे.

मग घाटावर उतरा. सायकली वरच कुलूप लावून ठेवा, पायऱ्यांवरून उचलून नेऊ नका. खाली विष्णूचं आणि मेणेश्वराचं अशी देवळं आहेत आणि बाजूच्या एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि जातात. तुम्ही जवळ जा. घंटेच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. ही पोर्तुगिजांच्या चर्चची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना दिल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला अशाच घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेला हात लावून बघा. सकाळी धातू इतका गार असतो की तळवा चटकन मागे येतो. अरबी समुद्राच्या काठावर प्रार्थनेला बोलावणारी ही घंटा घाट चढून कृष्णेच्या काठी आली आणि शिवाच्या-विष्णूच्या शेजारी राहिली. तिच्यावरची मेरी कुणी खरवडून काढली नाही. दरवेळी मला त्याचं मोठं समाधान वाटतं.

मेणवली ते वाई तीन किलोमीटर. साडेनऊपर्यंत वाईत पोचलात की आधी खाऊन घ्या. मिसळ खाणार असाल तर अर्धी. तर्रीवर पोट भरून पुढे उन्हात चाळीस किलोमीटर चालवणं म्हणजे छातीत जळजळीला आमंत्रण. पोहे, उपमा, दोन केळी आणि चहा, एवढ्यावर गाडी चांगली चालते. पाण्याच्या बाटल्या इथे भरा. ताशी एक बाटली हा माझा हिशेब थंडीतही सोडत नाही. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि दुपारी दोनला डोकं धरून बसतात. एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ.

वाईला दीड तास द्या. त्याहून कमी दिला तर गावावर अन्याय होईल. इथे कृष्णेवर सात घाट आहेत आणि त्या-त्या घाटाच्या आळीची नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. माघापासून चैत्रापर्यंत या घाटांवर पाळीपाळीने कृष्णामाईचा उत्सव होतो. त्या दिवसांत गेलात तर घाटावर मांडव असतो आणि जेवायला आग्रहही होतो. अफजलखान १६५९ मध्ये वाईला तळ देऊन होता. त्या संकटाच्या वेळी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं वाईकर सांगतात.

गणपती आळीच्या घाटावरचा ढोल्या गणपती १७६२ चा, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेला. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ त्याआधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांचं. रास्ते पेशव्यांचे व्याही-सोयरे. थोरल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई याच घरातल्या. दर्शन घ्या आणि मग बहुतेक लोक जे करत नाहीत ते करा: देवळाच्या मागच्या बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला जा आणि गाभाऱ्याची मागची भिंत बघा. ती सपाट नाही. माशासारखी निमुळती होत पुढे आलेली आहे. पुराचं पाणी थेट भिंतीवर आदळू नये, त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ही रचना. आज सकाळीच तुम्ही धरणाची भिंत पाहिलीत, पाण्याला 'थांब' म्हणणारी. ही भिंत पाण्याला वाट देणारी आहे. बांधणाऱ्याला माहीत होतं की पाणी येणार, म्हणून त्याने घाट सोडून देऊळ वर नेलं नाही, देवळालाच माशाचा आकार दिला. अडीचशेहून जास्त वर्षं ते पूर झेलत उभं आहे. मुलीला तिथे उभं करून विचारा की नावेचं टोक असंच का असतं. विज्ञानाचा तास तिथेच होईल.

आणखी एक गोष्ट. मराठी विश्वकोश याच गावात तयार होत गेला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहिले. १९१६ मध्ये नारायणशास्त्री मराठे यांनी, म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींनी, प्राज्ञपाठशाळा काढली. तर्कतीर्थ तिथेच घडले आणि विनोबाही तिथे काही काळ शिकले. तिथे दाखवण्यासारखी मोठी इमारत नाही, पण घाटाच्या पायऱ्यांवर बसून मुलीला हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. जगभरच्या विषयांवरच्या नोंदी मराठीत लिहिण्याचं काम या नदीकाठच्या गावात झालं, हे तिला माहीत असावं.

अकरापर्यंत वाई सोडा. आता दिवसाचा सगळ्यात सपाट, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात काळजीचा टप्पा. वाई ते पाचवड साधारण बारा किलोमीटर. दोन्ही बाजूला ऊस, मध्ये-मध्ये हळद, मागे पांडवगड, पुढे वैराटगड. जानेवारीत गाळप हंगाम भरात असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर दोन-दोन फूट आलेला ऊस, आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेलं गाणं. चालकाला मागचं ऐकू येत नाही आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागचं दिसतही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातला एक मुलगा ट्रॉलीच्या डाव्या बाजूने पुढे निघायला गेला. पुढे खड्डा आला, ट्रॅक्टर जरा डावीकडे घेतला गेला, मागची ट्रॉली त्याच्या दुप्पट आत आली. मुलगा साइडपट्टीच्या खडीत पडला, कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: ट्रॉलीला डावीकडून कधीही ओलांडायचं नाही. उजवीकडून ओलांडायचं तर पुढचा रस्ता शंभर मीटर मोकळा दिसला तरच. नाहीतर मागे वीस मीटर अंतर ठेवून निवांत चालवा. ट्रॉल्या कारखान्याकडे वळतात, रस्ता पुन्हा तुमचा होतो. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावरून चाक तिरकं नेऊ नका. ते कांडं चाकाखाली लाटण्यासारखं फिरतं.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. या पट्ट्यात निम्मे पंक्चर त्याचेच. ट्यूब बदलून झाली की लगेच हवा भरायची घाई करू नका. आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा आत मोडून राहिला असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. बोटाने शोधायला गेलात तर बोटात शिरेल. तो चिमट्याने काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही बसते. दोघींच्या टायरच्या मापाची एकेक ट्यूब, दोन लिव्हर, पॅच, पंप, चिमटा आणि षटकोनी चाव्यांचा संच एवढं बरोबर हवं. आणि निघण्याआधी घरी दोघींनी एकदा तरी मागचं चाक काढून घालून बघा. रस्त्यावर पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

पाचवडला हायवे भेटतो. पुणे-बंगळूर महामार्गावर सायकल चालवणारे चालवतात, मी मुलांना घेऊन मुख्य रस्त्यावर जात नाही. सर्व्हिस रोड असेल तिथे सर्व्हिस रोड, ओलांडायचं तर पुलाखालच्या बोगद्यातून, दुभाजकाच्या फटीतून कधीच नाही. सर्व्हिस रोड तुटतो तिथे गावात शिरून विचारा. "लिंबला आतल्या रस्त्याने कसं जायचं?" असं विचारलंत तर उसाच्या शेतांमधून कुठला रस्ता सध्या बरा आहे, हे तिथलाच माणूस बरोबर सांगतो. मोबाइलचा नकाशा पावसात वाहून गेलेल्या साकवावरूनही बिनधास्त घेऊन जातो. वाटेत आणेवाडीच्या जवळ मर्ढे आहे, कवी बा. सी. मर्ढेकरांचं मूळ गाव. थकवा नसेल तर आत जाऊन या, असेल तर सोडा. गुऱ्हाळ किंवा रसवंती दिसली तर मात्र सोडू नका. आलं-लिंबू घातलेला ताजा रस हे दुपारचं उत्तम इंधन आहे. फक्त बर्फ नको म्हणून सांगा.

एक-दीडपर्यंत लिंबला पोचायचं. नेमकं सांगायचं तर शेरी लिंब, साताऱ्याच्या अलीकडे सोळा किलोमीटर. इथली बारा मोटेची विहीर ही माझ्या मते या संपूर्ण वाटेवरची सगळ्यात सुंदर वास्तू आहे. दुपारच्या वेळी तिथे पोचण्याचं कारणही आहे: सूर्य वर असतो तेव्हा उजेड विहिरीच्या आत खोल उतरतो.

शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ही विहीर बांधवून घेतली. भिंतीत तसा शिलालेख आहे. वरून बघितलं तर आकार शिवलिंगासारखा: एका टोकाला अष्टकोनी विहीर, मग जोडविहीर, आणि पुढे पायऱ्यांची वाट. खोली एकशे दहा फूट, व्यास पन्नास फूट असं सांगतात. पायऱ्या उतरताना दहाव्या-बाराव्या पायरीपाशी अंगावरचा घाम एकदम गार पडतो. वर वाऱ्याला उसाच्या पाचटाचा गोडसर वास असतो, खाली फक्त ओल्या दगडाचा. दोन विहिरींच्या मध्ये पुलासारखा एक महाल आहे. पाण्यावर, जमिनीखाली, कोरलेल्या खांबांचा. तिथे बसून राज्याचे विषय बोलले जात असं लोक सांगतात. उन्हाळ्यात कुणीही बसावं अशीच ती जागा आहे. भिंतीत शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि इतर शिल्पं आहेत, ती पळत-पळत बघू नका.

आता विहिरीच्या वर या आणि काठावर मोटांच्या जागा मोजा. नाव बारा मोटांचं, पण जागा पंधरा आहेत. मोट बघितलेली पिढी आता सत्तरीत गेली, म्हणून मुलीला सांगा: चामड्याची मोठी पिशवी, तिला नाडा, नाडा चाकावरून बैलांच्या जुवाला. बैल उताराच्या वाटेने, म्हणजे धावेने, विहिरीपासून लांब चालत गेले की मोट भरून वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओतली जाते. मग बैल उलट पावली मागे येतात आणि मोट पुन्हा खाली जाते. अशा बारा मोटा एकाच वेळी, म्हणजे निदान बारा जोड्या बैल आणि तितकीच माणसं, आणि चाकांचा आवाज. हे पाणी आमराईला जायचं. तीन हजार तीनशे आंब्याची झाडं होती असं इथे सांगितलं जातं. कृष्णा हाकेच्या अंतरावर असताना एवढी खोल विहीर कशाला, असा प्रश्न मुलीला पडला तर तिची पाठ थोपटा. उत्तर तिने सकाळपासून पाहिलेलं आहे: नदी खाली आहे, शेत वर आहे. काठावरून पाणी उचलायचं तर ते एका जागी, बारा महिने, बैलाच्या आवाक्यात हवं. धरण आणि पंप येण्याआधी हे खोरं बैलांच्या पायांवर भिजत होतं.

काठाला कठडा प्रत्येक ठिकाणी भरवशाचा नाही. सायकलचे क्लीट (पॅडलला अडकणारी तळाची पट्टी) असलेले बूट घालून आत उतरू नका. गुळगुळीत दगडावर ते बर्फासारखे सरकतात. साधे बूट किंवा सरळ अनवाणी.

लिंबला जेवा. पिठलं-भाकरी, ठेचा, ताक मिळालं तर दुसरं काही मागू नका. जेवून अर्धा तास झाडाखाली आडवं व्हा, उठल्यावर पाय हलके वाटतात. वेळ असेल तर लिंब-गोव्याजवळ नदीच्या पात्रातलं कोटेश्वराचं देऊळ बघून या, पण पाण्याला जोर असेल तर काठावरूनच.

साडेतीनला निघायचं. इथून पुढे वडूथ, मग सातारा-लोणंद रस्त्याने वाढे, आणि तिथून माहुली. वडूथला कृष्णेवरच्या पुलापाशी थांबून नदीकडे एकदा बघा. सकाळी धरणाच्या पायथ्याशी पाहिलेली नदी आणि ही नदी, फरक लक्षात येईल. लोणंद रस्त्यावर संध्याकाळी वर्दळ असते, तेव्हा पुन्हा एकामागे एक आणि दिवे चालू.

माहुलीला पाचपर्यंत पोचलात की दिवस बरोबर जमला. महाबळेश्वराच्याच डोंगरातून निघालेली वेण्णा, मेढ्याकडून येऊन इथे कृष्णेला मिळते. एका काठावर संगम माहुली, दुसऱ्या काठावर क्षेत्र माहुली. संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ १७३५ मध्ये श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं. समोरच्या काठावर रामेश्वर. रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. ज्यांनी नारायणरावांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं, ते रामशास्त्री. आणि १८१७ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रज अधिकारी जॉन माल्कमची भेट घेतली तीही माहुलीला. वर्षभरात पेशवाई संपली.

पण माहुली मुख्यतः निरोपाची जागा आहे. सातारच्या राजघराण्याच्या माणसांचे अंत्यसंस्कार इथे होत. थोरले शाहू १७४९ च्या डिसेंबरात गेले, त्यांची समाधी इथे. महाराणी ताराबाई १७६१ मध्ये गेल्या, त्यांचीही समाधी इथेच, नदीच्या वाळवंटात. औरंगजेबाशी सात वर्षं लढणाऱ्या त्या राणीच्या समाधीकडे आपण सगळ्यांनी मिळून जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं दिलेलं नाही. बहुतेक पर्यटक ती न बघता परततात. तुम्ही विचारत-विचारत तिथे जा. गावातलं कुणीही दाखवेल. दगडावर वाळू साचलेली असेल तर हाताने बाजूला करा. तिथे शाहू महाराजांच्या कुत्र्याचीही समाधी आहे. वाघापासून त्याने राजाला वाचवलं म्हणून ती बांधली असं सांगतात. मुलं त्या समाधीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात, आणि थांबू द्यावं.

जानेवारीत सहानंतर लवकर अंधारतं. परतीला सायकल चालवायची नाही, हे सकाळीच ठरलेलं असलं पाहिजे. सातारा रेल्वे स्टेशन माहुलीच्या बाजूलाच आहे, सातारा शहरापासून लांब. पुण्याकडे जाणारी गाडी वेळेत असेल तर सायकलींची लगेज म्हणून नोंद करून जाता येतं, पण त्याची चौकशी आधी स्टेशनवर करा, आयत्या वेळी नको. तुमची गाडी वाईला असेल तर सरळ आदल्या दिवशी एक छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, ठरवून ठेवा, पावणेसहाला संगम माहुलीला यायला सांगा.

तयारीबद्दल थोडं. निघण्याआधीच्या दोन रविवारी पंचवीसच्या ऐवजी चाळीस किलोमीटर करा, तेवढं पुरतं. सीटची उंची तपासा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली गेलं की पाय सरळ व्हायला हवा. मुलगी वर्षभरात उंच झाली असेल आणि सीट तिथेच असेल, तर गुडघे दुखायचं तेच कारण असतं. टायर पस्तीस-अडतीस मिलिमीटर रुंदीचे असतील तर उत्तम. हवा दगडासारखी घट्ट भरू नका, गावरस्त्यावर मनगटं दुखतात. जानेवारी नाही जमला तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. रंगपंचमीला मात्र वाईजवळ बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या लाकडी रथाची जत्रा, असते. ती बघायलाच जायचं असेल तर जा, सायकल घेऊन नको, रस्ता माणसांनी भरलेला असतो. एप्रिल-मेत अकरानंतर डांबर तापतं, तेव्हा नकोच. पावसाळ्यात खोरं हिरवंगार आणि पाठीवर पश्चिमेचा वारा, पण घाटांवर पाणी असतं आणि मेणवलीच्या पायऱ्या शेवाळलेल्या. सप्टेंबरअखेरपर्यंत थांबा.

छोट्या हत्तीत सायकली चढवताना त्या आडव्या टाकाव्या लागल्या तर चेनची, मागच्या डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) बाजू वर येईल अशाच टाका. दोन सायकलींच्या मध्ये जुनी चादर घाला. डिरेलरचा हुक वाकला तर घरी गेल्यावर गिअर लागत नाहीत आणि लोकांना वाटतं की दिवसभराच्या रस्त्याने सायकल बिघडली.